दोन मिळून एक: दुहेरी ग्राफिक्स कार्ड आणि द्वित्वाचा प्रश्न

दोन वस्तू जोडल्या की त्यांची खरोखर एक वस्तू होते का, हा भारतीय दर्शनांतला जुना वाद आहे. गेम खेळण्यासाठी दुहेरी जीपीयूचे ग्राफिक्स कार्ड घ्यावे का, या अगदी व्यवहारी प्रश्नाच्या मुळाशीही तोच वाद आहे. असे कार्ड म्हणजे एकाच बोर्डावर बसवलेले दोन स्वतंत्र जीपीयू, म्हणजे चित्र रंगवणाऱ्या दोन चिप. खोक्यावर दोघांच्या बेरजेचे आकडे छापलेले असतात. पडद्यावर किती मिळणार, ते मात्र त्या दोघांचे एक होणे कितपत खरे आहे यावर ठरते.

वैशेषिकांच्या मते अवयवी (सबंध वस्तू) हा अवयवांहून वेगळा, नव्याने उत्पन्न झालेला पदार्थ आहे. दोन परमाणूंच्या संयोगातून द्व्यणुक होते, तीन द्व्यणुकांतून त्र्यणुक. धाग्यांतून वस्त्र होते, पण धागे म्हणजे वस्त्र नव्हे. बौद्धांना हे मान्य नव्हते. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात नागसेन हा भिक्षू रथाचे एकेक अंग घेऊन, हाच रथ का, असे मिलिंद राजाला विचारत जातो. शेवटी ‘रथ’ हे त्या जुळणीला दिलेले व्यवहारातले नाव ठरते. या दोन पक्षांइतकीच महत्त्वाची, पण कमी चर्चिली जाणारी गोष्ट म्हणजे वैशेषिकांचा द्वित्वाचा विचार. त्यांच्या मते एकत्व प्रत्येक वस्तूत असतेच. द्वित्व तसे आपोआप असत नाही. ‘हा एक आणि हा एक’ असे दोघांना एकत्र धरणारे ज्ञान झाले, तरच दोघांवर मिळून द्वित्व उत्पन्न होते. या ज्ञानाला अपेक्षाबुद्धी म्हणतात, आणि ती नाहीशी झाली की द्वित्वही नाहीसे होते. ग्राफिक्स कार्डांचा इतिहास वाचताना हे मत फार उपयोगी पडते.

१९९८ साली थ्रीडीएफएक्स कंपनीच्या वूडू २ या कार्डांची जोडी लावता येऊ लागली. चित्राच्या आडव्या रेघा दोन्ही कार्डे आलटूनपालटून काढत. १९९९ मध्ये एटीआयने रेज फ्युरी मॅक्स आणले. त्यात एकाच कार्डावर दोन जीपीयू होते आणि कामाची वाटणी रेघांची नव्हे, अख्ख्या फ्रेमची होती: एक फ्रेम याची, पुढची त्याची. पुढल्या बहुतेक दुहेरी कार्डांनी हीच रीत उचलली. एनव्हीडियाचे जीटीएक्स ६९० (२०१२) ९९९ डॉलरला होते, टायटन झेड (२०१४) २,९९९ डॉलरला. एएमडीचे आर९ २९५एक्स२ (२०१४) १,४९९ डॉलरला आले. ते ५०० वॅट वीज ओढी आणि त्याला पाण्याने थंड ठेवावे लागे. त्याच जातीचे एकेरी आर९ २९०एक्स बाजारात आले तेव्हा ५४९ डॉलरचे होते. म्हणजे दोन सुटी कार्डे १,०९८ डॉलरला पडत. एका बोर्डावर बसण्याची किंमत वेगळी मोजावी लागत होती.

आळीपाळीच्या या रीतीत काय होते, ते जवळून पाहण्यासारखे आहे. समजा, एका जीपीयूला एक फ्रेम तयार करायला ३३ मिलिसेकंद लागतात. एकटा असेल तर तो सेकंदाला सुमारे ३० फ्रेम देईल. दोघांनी पाळ्या लावल्या की ६० मिळतील आणि जाहिरातीचा शब्द खरा ठरेल. पण दोन फ्रेममधले अंतर दर वेळी साडेसोळा मिलिसेकंद असेलच असे नाही. दुसऱ्याने काम थोडे आधी सुरू केले, तर अंतरे ८, २५, ८, २५ अशी पडत जातात. सरासरी तीच, साठ. डोळ्यांना मात्र दर दुसऱ्या फ्रेमला हिसका जाणवतो आणि खेळ चाळीस फ्रेमचा वाटतो. खेळणारे यालाच मायक्रोस्टटर म्हणतात. शिवाय प्रत्येक फ्रेम घडायला ३३ मिलिसेकंद लागतातच. माउस हलवल्यापासून त्याचा परिणाम पडद्यावर दिसेपर्यंतचा वेळ दुसऱ्या जीपीयूमुळे निम्मा होत नाही. फ्रेम दुप्पट होतात, प्रतिसाद तिथेच राहतो, आणि झटपट निशाणा साधण्याच्या खेळात तर प्रतिसादालाच मोल असते.

‘अमृतानुभवा’च्या पहिल्या प्रकरणात ज्ञानदेव शिवशक्तीचे ऐक्य सांगताना दोन डोळ्यांची दृष्टी एकच असते, हा दाखला देतात. आळीपाळीच्या जीपीयूंना हे ऐक्य साधत नाही, आणि कारण दाखल्यातच आहे. दोन डोळे एकाच क्षणी एकच दृश्य पाहतात. दोन जीपीयू वेगवेगळ्या क्षणांची दृश्ये रंगवतात आणि एकाला दुसऱ्याचे दृश्य सहज मिळत नाही. नव्या गेममध्ये चित्राच्या कडा गुळगुळीत करण्यासाठी आधीच्या फ्रेममधली माहिती वापरली जाते. ती माहिती शेजारच्या जीपीयूच्या मेमरीत असते. तिकडून मागवण्यात वेळ गेला की पाळीचा फायदा संपला. मेमरीचेही तसेच आहे. २९५एक्स२ वर ८ जीबी लिहिलेले असले तरी गेमसाठी दोघांना एकच सामग्री आपापल्या ४ जीबीत भरावी लागे. इथे चार आणि चार चारच.

मग हे दोघे जेव्हा खरेच एकजुटीने काम करीत, तेव्हा ते कशाच्या बळावर? ड्रायव्हरमध्ये प्रत्येक गेमसाठी लिहिलेल्या प्रोफाइलच्या बळावर. कोणती फ्रेम कोणाची, काय वाटून घ्यायचे आणि काय दोघांकडे ठेवायचे, हे त्या प्रोफाइलला ठाऊक असे. अपेक्षाबुद्धीचे काम ते हेच. परमाणू कोणाला दिसत नसल्याने वैशेषिकांना द्व्यणुकासाठी ईश्वराची अपेक्षाबुद्धी मानावी लागली; ग्राफिक्स कार्डाला असा नित्य ज्ञाता नाही. ज्या गेमला प्रोफाइल नसे, तिथे दुसरा जीपीयू बहुधा बसून राही. डायरेक्टएक्स १२ (२०१५) आल्यावर ही जबाबदारी बव्हंशी गेम लिहिणाऱ्यांकडे गेली आणि फार थोड्यांनी ती उचलली. एएमडीच्या शेवटच्या दुहेरी कार्डांपैकी रेडिऑन प्रो ड्युओ २०१६ चे. जानेवारी २०२१ पासून एनव्हीडियाने नव्या एसएलआय (म्हणजे जीपीयू जोडीने चालवण्याच्या) प्रोफाइल देणे थांबवले. जुनी कार्डे कपाटात जशीच्या तशी आहेत, दोन्ही जीपीयू शाबूत आहेत. नव्या गेमपुरते त्यांचे द्वित्व मात्र नष्ट झाले आहे.

राहिला मोलाचा प्रश्न. म्हैसूरच्या महाराजा कॉलेजात तत्त्वज्ञ एम. हिरियण्णा (१८७१–१९५०) यांनी अध्यापन केले. ‘मूल्य’ या कल्पनेचा भारतीय विचार पुरुषार्थांच्या आधारे नीट मांडण्याचे श्रेय मुख्यतः त्यांचे. अर्थ हा नेहमी दुसऱ्या कशासाठी तरी हवा असतो, काम म्हणजे सुख त्याच्यासाठीच हवे असते. या कसोटीवर गेमचा आनंद हा काम आणि कार्ड हा अर्थ. साधनाचे मोल साध्याने ठरते. साधन कितीही भारी असले तरी साध्यात भर पडत नसेल, तर ते भारीपण फुकट.

साधन वाढवून खेळ वाढत नाही, याचा दाखला म्हैसूरच्या राजवाड्यातही आहे. मुम्मडी कृष्णराज वडियार (१७९४–१८६८) यांना खेळांचे विलक्षण वेड होते. त्यांच्या ‘श्रीतत्त्वनिधी’ या ग्रंथाच्या कौतुकनिधी या भागात गंजिफा या पत्त्यांच्या खेळाचे अनेक प्रकार दिले आहेत, त्यांतल्या चामुंडेश्वरी छदाला १६ रंगांची ३२० पाने लागतात. मराठी वाचकाला सावंतवाडीची १२० पानांची दशावतारी गंजिफा माहीत असते. राजाची कल्पकता आणि चित्रकारांचे कसब थोरच. आजही ती पाने पाहताना जीव हरखतो. पण खेळ म्हणून ते मोठे संच राजवाड्याच्या परिघाबाहेर रुजले नाहीत.

दोन जीपीयू जोडण्याची कल्पनाच चुकीची, असे मात्र नाही. थ्रीडी चित्रांचे रेंडरिंग किंवा मोठी गणिते, जिथे कामाचे तुकडे एकमेकांवर अवलंबून नसतात, तिथे दोन कार्डे जवळजवळ दुप्पट काम देतात, कारण तिथे त्यांना एक होण्याची गरजच नसते. आणि खरे ऐक्य हवे असेल तर जोडणी फार खोलवर व्हावी लागते. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या एनव्हीडियाच्या बी२०० मध्ये सिलिकॉनचे दोन तुकडे सेकंदाला १० टेराबाइट वेगाने जोडलेले आहेत आणि सॉफ्टवेअरला ते एकच जीपीयू म्हणून दिसतात. ते डेटा सेंटरसाठी आहे, घरच्या खेळासाठी नाही. पण अवयवी म्हणावे असे काही घडते ते तिथे.

गेमसाठी दुहेरी जीपीयूचे जुने कार्ड, स्वस्तात मिळाले तरी, घेऊ नये. तेवढ्याच पैशांत मिळणारे सर्वांत चांगले एकेरी कार्ड घ्यावे. संग्राहकाने जुने दुहेरी कार्ड जरूर घ्यावे, पण त्याआधी आपला पॉवर सप्लाय ५०० वॅटचे कार्ड पेलेल का, ते तपासावे.