अपडेट बंद करायचा हक्क कोणाचा?

27 जून 2017ला जगभर पसरलेल्या नॉटपेट्या व्हायरसने आपल्या न्हावा शेवा बंदरातलं एक टर्मिनलही ठप्प केलं. ते चालवत होती मर्स्क समूहातली एपीएम टर्मिनल्स. व्हायरस मुळात शिरला युक्रेनमध्ये, एम.ई.डॉक नावाच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. ज्यांनी गुमान अपडेट घेतलं, तेच आधी बुडाले. पण पुढे तो पसरला तो विंडोजच्या एका जुन्या भोकातून, आणि त्या भोकावरचं ठिगळ मायक्रोसॉफ्टने 14 मार्चलाच दिलेलं होतं. ते न लावणारेही बुडाले. वर हा व्हायरस मशीनच्या मेमरीतून पासवर्ड चोरायचा, त्यामुळे नेटवर्कमधली ठिगळ लावलेली मशीनंही गेली. सोसायटीत एकाने फाटक उघडं ठेवलं की चोर फक्त त्याच्याच घरात शिरतो असं नाही.

म्हणून "सर्व्हर माझा, मर्जी माझी" हे मला अर्धंच पटतं.

अर्धं पटतं, कारण समोरची बाजूही काही साधी नाही. 19 जुलै 2024ला क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष फाइलने सुमारे 85 लाख विंडोज मशीन झोपवली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. मला खटकतं ते वेगळंच. 'नवी आवृत्ती आम्ही उशिरा घेऊ' असं सेटिंग ज्यांनी केलं होतं, त्यांच्याकडेही ती फाइल गेली, कारण ते सेटिंग असल्या फाइलींना लागूच नव्हतं. मग 'नको' म्हणायची सोय दिली होती ती कशाला?

मार्केट यार्डातल्या एका आडत्याचा बिलिंग सर्व्हर मी बघतो. एकदा ऐन पहाटे, माल उतरत असताना, तो आपणहून रीस्टार्ट झाला आणि टक्के मोजत बसला. पट्टीसाठी शेतकरी ताटकळले. काका म्हणाले, "अपडेटबिपडेट कायमचं बंद कर बाबा."

ग्रुप पॉलिसीत जाऊन ते पाच मिनिटांत बंद होतं. उबुंटूवर त्या सोयीचं नावच 'अनअटेंडेड अपग्रेड्स' आहे, म्हणजे कोणी समोर नसताना होणारे. ते बंद केले की कोणीतरी समोर असावं लागतं, एवढं सरळ आहे. कधी घ्यायचं हे काकांनी ठरवावं. घ्यायचंच नाही हे एकट्याने ठरवायचा हक्क मला त्यांचा वाटत नाही, कारण त्या मशीनमध्ये शेकडो शेतकऱ्यांचे बँक खात्यांचे नंबर आहेत आणि त्यांना कोणी विचारलेलं नाही.

मी स्वयंचलित अपडेट बंद केलं, पण एका अटीवर. मायक्रोसॉफ्टचे पॅच दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. चार दिवस थांबायचं, बॅकअप घ्यायचा, आधी जुन्या पीसीवर लावून बघायचं आणि मग सुट्टीच्या दिवशी सर्व्हरवर.

"आणि तू उद्या बंगलोरला गेलास तर?" काकांनी विचारलं.

म्हणून गल्ल्याशेजारच्या वहीत दर महिन्याची तारीख आणि दोन नावं लिहिली आहेत. दुसरं नाव त्यांच्या मुलीचं आहे. मागच्या खेपेला तिनेच लावलं, मी नुसता बघत होतो.