प्रेरणा कोणाची, मजुरी कोणाची?

प्रवासाला निघाल्याशिवाय लिहायला सुचत नाही, असे म्हणणारे लेखक आपल्यात पुष्कळ आहेत. नवे गाव, नवी माणसे, तिथली एखादी कला डोळ्यांसमोर आली की मनातली कोंडी फुटते, असा त्यांचा अनुभव असतो. तो खोटा नाही. आम्हीही शाळेच्या सुट्टीत जमेल तसे बाहेर पडणाऱ्यांपैकीच आहोत. आम्ही म्हणजे दिवसभर उर्दूत शिकवणारे आणि रात्री मराठीत लिहिणारे उदगीरकडचे दोन-चार शिक्षक. परत आल्यावर आमच्यापैकी कोणी कविता लिहितो, कोणी ललित लेख लिहितो आणि खाली टीप देतो की अमुक गावच्या कलेवरून प्रेरणा घेतली. या 'घेतली' शब्दापाशी आम्ही अडतो. घेतली ती कोणाकडून? विचारून घेतली की न विचारता? आणि बदल्यात काय दिले?

मराठीत आपण बरेच काही घेतो. उसने घेतो, निरोप घेतो, शपथ घेतो, झोपसुद्धा घेतो. त्यामुळे प्रेरणा घेण्यात काही विशेष आहे असे वाटत नाही. उर्दूत अशा वेळी एक वेगळा शब्द आपल्या घरांत ऐकू येतो, तो म्हणजे 'फैज'. फैज घेत नाहीत, तो पोहोचतो, मिळतो. एखाद्या बुजुर्गाकडून, उस्तादाकडून मिळतो आणि ज्याला मिळाला त्याला तो कोणाकडून मिळाला हे सांगावे लागते. म्हणूनच गवई आपल्या उस्तादाचे नाव उच्चारताना कानाच्या पाळीला हात लावतो. प्रेरणा निनावी असू शकते, फैज निनावी असू शकत नाही. दोन शब्दांतला हा फरक निव्वळ भाषेचा आहे असे आम्हाला वाटत नाही.

हा विचार बिदरच्या निमित्ताने डोक्यात घुसला. बिदर आम्हाला परके नाही. १९५६च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत आमचा उदगीर तालुका बिदर जिल्ह्यातच होता. आमच्या आजोबांच्या पिढीची कोर्ट-कचेरी तिकडे. आता मध्ये राज्याची सीमा आली, पण रेल्वे तीच आहे. कमालनगर, भालकी, बिदर. तिथे किल्ला आहे, महमूद गवानचा १४७२चा मदरसा आहे, ज्याचा एकच मिनार आज उभा आहे आणि ज्याच्या भिंतीवर निळ्या-हिरव्या चिनी टाइलांचे तुकडे अजून उन्हात चमकतात. मदरसा म्हटले की कोणाकोणाच्या कपाळावर आठ्या पडतात. त्यांना ही इमारत एकदा दाखवावी. पण ते असो. आमचे मन रमले ते चौबाऱ्याच्या आसपासच्या गल्ल्यांत, बिदरी काम करणाऱ्या कारागिरांच्या बैठकीत.

बिदरीची वस्तू आपण सगळ्यांनी पाहिलेली असते. काळीभोर सुरई, तिच्यावर चांदीची वेलबुट्टी. नवरीच्या रुखवतात एखादी डबी असते, कोणाच्या सत्कारात मिळालेली तबकडी असते. ती होते कशी हे मात्र फार थोड्यांना माहीत असते. जस्त आणि तांबे, साधारण सोळास एक या प्रमाणात वितळवून मातीच्या साच्यात ओततात. ओतीव वस्तू कानस मारून गुळगुळीत करतात. मग तिला मोरचूद लावून तात्पुरते काळे करतात, कारण पांढुरक्या जस्तावर नक्षीची रेघ दिसत नाही. त्या काळ्यावर कारागीर टोकदार सळईने हातानेच नक्षी काढतो. पुढे छिन्नीने ती रेघ कोरायची, कोरलेल्या खाचेत चांदीची तार किंवा पत्रा बसवायचा आणि हातोडीने ठोकून पक्का करायचा. तारेच्या कामाला तारकशी म्हणतात, पत्र्याच्या कामाला तहनिशान. त्यानंतर सगळे घासून एकसारखे करतात आणि या टप्प्यावर वस्तू पाहिली तर निराशाच होते. चांदीही पांढरी, जस्तही पांढरे, आठ-दहा दिवसांची मेहनत कुठे गेली तेच कळत नाही.

शेवटी येते ती किल्ल्याची माती. किल्ल्यातल्या जुन्या, जिथे ऊन-पाऊस पोहोचत नाही अशा जागची ही माती सोऱ्याने भरलेली असते. ती नवसागर आणि पाण्यात कालवून, वस्तू गरम करून तिच्यावर चोळतात. जस्त काळे पडते, कायमचे. चांदीला मात्र ही माती काही करत नाही. जुने कारागीर चिमूटभर माती जिभेवर ठेवून ती कामाची आहे की नाही ते सांगतात.

आमच्यातल्या एका कवीमित्राचे डोळे इथेच चमकले. काळी माती, शुभ्र चांदी, जिभेने माती ओळखणारा माणूस! वही बाहेर आली. समोर बसलेले कारागीर साठीच्या पुढचे होते. त्यांनी काम न थांबवता विचारले, "आप लिखते सो बिकता क्या?" आम्ही सगळे हसलो. आपल्या वार्षिकांकांचे मानधन वाचकांना ठाऊकच आहे. ते हसले नाहीत. त्यांना खरोखर जाणून घ्यायचे होते. ज्याने आयुष्यभर हाताने वस्तू घडवली आणि विकली, त्याच्या लेखी हा पहिला आणि सरळ प्रश्न आहे. तुम्ही काय बनवता, ते कोणाला लागते आणि त्यावर तुमचे घर चालते का?

परतताना गाडीत वाद झाला. कवीमित्राचे म्हणणे असे की कवी कोणाचा देणेकरी नसतो. चंद्रावर कविता लिहिताना चंद्राची परवानगी कोण घेतो? युक्तिवाद ऐकायला छान आहे. पण चंद्राला दुकानाचे भाडे नसते, चांदीचा भाव चढला म्हणून त्याचे काम थांबत नाही आणि त्याचा मुलगा दुसरा धंदा शोधायला हैदराबादला जात नाही. निसर्गाकडून मिळालेले आणि माणसाच्या हातून मिळालेले, यांत फरक केला पाहिजे. कारागिराच्या हातातली नक्षी ही त्याची कमाई आहे. आपल्याकडे हजरत दाऊद यांच्याविषयी सांगतात की ते पैगंबर आणि बादशाह असूनही स्वतःच्या हातच्या कामावर पोट भरत, चिलखते बनवत. हाताच्या कमाईची इज्जत आपल्याला बाहेरून शिकायची गरज नाही.

दुसऱ्या मित्राने याच्या उलट टोक गाठले. तो म्हणाला, असे असेल तर आपण कोणाच्या कलेवर लिहूच नये. हा लुटीचाच एक प्रकार आहे. आम्हाला हेही पटले नाही. त्याचे कारण बिदरीतच आहे. ही कला मुळात इराणकडून आलेल्या कारागिराने बहमनी काळात इथे रुजवली, असे बिदरमध्ये सांगितले जाते. धातूत धातू जडवण्याची रीत तिकडची. जस्ताचा हा मिश्रधातू आणि किल्ल्याची माती इकडची. म्हणजे ज्या कलेवरून आम्ही प्रेरणा घेतो, ती स्वतःच कोणा प्रवाशाच्या देण्याघेण्यातून झालेली आहे. देणेघेणे हाच गुन्हा मानला तर अर्धी दख्खनी संस्कृती गुन्हेगार ठरेल. आमची भाषासुद्धा. फारसीतून, तेलुगूतून, कानडीतून, मराठीतून उचललेल्या शब्दांवरच आमची दख्खनी उभी आहे आणि 'नक्को' हा तिचा सगळ्यात प्रसिद्ध शब्द तर थेट मराठीच्या घरातला.

मग फरक कुठे आहे? आमच्या मते वेळेत आहे. तो परदेशी उस्ताद, जो कोणी असेल तो, दोन दिवस राहून वही भरून परत गेला नाही. तो इथे बसला. त्याने इथले शागीर्द घेतले, इथल्या मातीत हात काळे केले. इब्न खल्दूनने आपल्या 'मुकद्दमा'त कारागिरीवर बरेच लिहिले आहे. त्याचे म्हणणे असे की हुन्नर ऐकून येत नाही. तेच काम पुन्हा पुन्हा करून ते माणसाच्या अंगात मुरते. या मुरण्याला तो 'मलका' म्हणतो. उर्दूत आजही एखाद्याचा एखाद्या कामात हातखंडा असला की त्याला त्याचा मलका आहे असे आपण म्हणतो. शहरे भरभराटीला आली की हुन्नर वाढतात आणि शहरे ओस पडली की तेही मावळतात, हेही त्याने नोंदवले आहे. बिदरच्या गल्लीत बसून हे आठवले तेव्हा ते पुस्तकातले राहिले नाही.

म्हणून प्रवाशाने लिहूच नये असे नाही. आपल्याला काय मिळाले आणि काय मिळाले नाही याचा हिशेब त्याने चोख ठेवावा. दोन दिवसांत मलका मिळत नाही, नजर मिळते. कुराणात जमिनीवर हिंडून पाहण्याची ताकीद पुन्हा पुन्हा आली आहे. तिथे अपेक्षित असलेले पाहणे करमणुकीचे नाही. आधीच्या लोकांचे काय झाले, निर्मितीचा आरंभ कसा झाला, हे पाहायला सांगितले आहे. प्रवासातून लिहिणाऱ्यावर निदान एवढे तरी बंधन असावे. कारागिराच्या कामाचे तपशील बरोबर असावेत. मोरचूद कुठे आणि किल्ल्याची माती कुठे, हे ज्याला माहीत नाही त्याने 'मातीच्या काळोखातून उमलणारी चांदी' वगैरे लिहू नये. आमच्या कवीमित्राच्या पहिल्या खर्ड्यात माती आधी होती आणि चांदी नंतर. ओळ सुंदर होती. त्याला ती बदलावी लागली आणि बदलल्यावर कविता, आमच्या मते, सुधारली. मेहनत केल्यानंतर सगळे एकसारखे पांढरे दिसण्याचा तो निराश टप्पा तिच्यात आला.

दुसरे म्हणजे नाव. जुन्या बिदरी वस्तूंवर बहुतेक करून घडवणाऱ्याचे नाव नसते. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात बिदरी हुक्के मांडलेले आहेत. त्यांच्यापुढे उभे राहिले की गाव कळते, काळ कळतो, पण हात कोणाचा ते कळत नाही. २०२३ साली बिदरचे शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा कितीतरी पिढ्यांच्या निनावी हातांमधून एक नाव देशाने उच्चारले. लेखकाला पद्मश्री देता येत नाही. पण ज्याच्या ओट्यावर बसून आपण चहा प्यालो, त्याला आवडत असेल तर त्याचे नाव लिहिता येते. आणि भाव करताना, 'आम्ही तुमच्यावर लेख लिहिणार आहोत' म्हणून पैसे कमी करायला सांगू नये. असे सांगणारे आम्ही पाहिले आहेत.

इथपर्यंतचे सगळे सोपे आहे. अवघड आहे ते यापुढे, आणि ते लेखकापेक्षा शिक्षकाला जास्त बोचते.

आमच्या आठवीच्या वर्गात एक मुलगा आहे. त्याचे वडील कलई करतात. तांब्या-पितळेची भांडी कमी झाली, स्टीलने घरे भरली, तरी लग्नाच्या देगा आणि हॉटेलांची पातेली यांवर त्यांचे कसेबसे चालते. मुलाचा हात विलक्षण आहे. फळ्यावर खडूने एका दमात वेल काढतो, खोडत नाही. पालकसभेला वडील आले तेव्हा म्हणाले, "माटसाब, इसकू हात का काम नक्को. कलम का काम सिकाव." भट्टीच्या धुराने त्यांचे डोळे लाल झालेले होते. त्यांना काय सांगायचे? आम्ही गाडीभाडे खर्चून शेजारच्या राज्यात जातो, तिथल्या हाताच्या कामापुढे नतमस्तक होतो, त्यावर लिहितो; आणि आमच्याच वर्गात बसलेल्या हाताच्या कामापासून मुलाला सोडवण्याची जबाबदारी त्याच्या बापाने आमच्यावर टाकली आहे. बाप चुकतो असे म्हणण्याचा अधिकार आम्हाला नाही. धूर त्यांनी गिळला आहे.

बी.एड.ला आम्ही मूलोद्योग शिक्षणावर टिपण लिहिले होते. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेनंतर गांधीजींची ती योजना कागदावर उतरवणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. झाकीर हुसेन. एखादा हस्तोद्योग शाळेच्या मध्यभागी ठेवावा आणि गणित, भाषा, विज्ञान त्याच्याभोवती शिकवावे, हा तिचा गाभा. परीक्षेत आम्ही गुण-दोष लिहून गुण मिळवले. मोठा दोष मात्र त्या टिपणात नव्हता. ज्यांच्या पोरांनी पिढ्यान्पिढ्या हातोडीच धरली, त्यांना शाळेतही हातोडी दिली तर ते विचारणारच, की पुस्तक कोणाच्या पोरांसाठी राखून ठेवले? आणि तरीही झाकीर साहेबांची मूळ गोष्ट आम्हाला सोडवत नाही, कारण तो मुलगा भूमितीच्या तासाला पेंगतो आणि वेल काढताना जागा होतो. वेलीत भूमितीच असते, पण हे त्याला सांगायला आमच्या वेळापत्रकात कार्यानुभवाच्या तासिकेशिवाय जागा नाही, आणि त्या तासिकेला बहुधा कागदाची फुले होतात.

हाताचे काम सुंदर आहे असे लिहिणाऱ्याने ते काम आपल्या मुलासाठी निवडले असते का, हा प्रश्न आम्ही मित्रांना विचारला. कोणी हो म्हणाले नाही. बिदरच्या त्या वृद्ध कारागिरांनाही आम्ही त्यांच्या मुलाविषयी विचारले होते. मुलगा हैदराबादला मोबाईलच्या दुकानात असतो म्हणाले. त्यात खंत होती की समाधान, आम्हाला ओळखता आले नाही. त्यांनी हातातली डबी उजेडाकडे धरून पाहिली आणि पुन्हा कानस उचलली.

यंदाच्या सहलीसाठी आम्ही बिदरचे नाव सुचवले आहे. परराज्यात सहल न्यायची म्हणजे परवानगीचे कागद जास्त, पण मुख्याध्यापक तयार आहेत. मुलांनी किल्ला पाहावा, मदरसा पाहावा आणि एक दुपार त्या गल्लीत बसावे, तिथल्या माणसांना हवे ते विचारावे, एवढाच बेत आहे. संमतिपत्रे वाटून झाली. आठवीच्या वर्गातून बहुतेकांची परत आली आहेत. त्या मुलाच्या वडिलांची सही अजून आलेली नाही.