हुतात्मा म्हणू नका

शत्रूच्या तुरुंगात, मरण समोर दिसत असताना क्रांतिकारकाने काय लिहावं? एखादी घोषणा, निदान साथीदारांना धीर देणारं पत्र. छ्यू छिउबाय यांनी मे १९३५ मध्ये, फुजियान प्रांतातल्या छांगथिंगच्या कोठडीत, आपण खरे कम्युनिस्ट नव्हतोच असं लिहून ठेवलं. आपला पिंड साहित्याचा, पुढारीपण इतिहासाच्या गैरसमजातून गळ्यात पडलं आणि इतकी वर्षं आपण फक्त भूमिका वठवली. शीर्षकाचा अर्थसुद्धा 'अनावश्यक शब्द'. शेवटी आवडत्या पुस्तकांची आठवण काढून, चिनी टोफूची तारीफ करून ते थांबतात.

हा माणूस साधा कार्यकर्ता नव्हता. १९२० मध्ये पेइचिंगच्या एका वर्तमानपत्राचा बातमीदार म्हणून मॉस्कोला गेला आणि ऑगस्ट १९२७ मध्ये, चँग कै-शेकने कम्युनिस्टांची कत्तल आरंभल्यावर, पक्षाचा नेता झाला. वय २८! या वयात आम्हाला चार जणांची टीम सांभाळताना घाम फुटतो. त्यांच्या काळातले उठाव फसले, माणसं मेली. १९३१ मध्ये त्यांना पॉलिटब्युरोतून काढलं. मग शांघायमध्ये लेखन, अनुवाद, लू शुनशी मैत्री. लाँग मार्च निघाला तेव्हा क्षयाने पोखरलेल्या छ्यूंना मागेच ठेवलं गेलं, आणि फेब्रुवारी १९३५ मध्ये ते पकडले गेले.

'माणूस खचला' म्हणून मोकळं होता येईल. पण शरणागतीचा रस्ता कुओमिंतांगने उघडा ठेवला होता. एवढं लिहून झाल्यावर एक सही करणं काय अवघड होतं? त्यांनी केली नाही. १८ जूनला ते 'इंटरनॅशनल' गात वधस्थळी गेले, गवतावर बसले आणि गोळ्या झेलल्या. त्या गाण्याचा चिनी अनुवाद त्यांनी स्वतः केला होता.

मग खरं काय, तो कागद की ते गाणं? मला यात विसंगती दिसत नाही. शंका त्यांची स्वतःची होती, विकायची नव्हती. मी अडतो ते दुसरीकडे. बाहेर साथीदारांची शिकार चालू असताना हे लिहिण्याचा हक्क त्यांना होता का? कैद्याचा कागद आधी जेलरच्या हाती जातो, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. तो शत्रूच्या कामी आलाच. तरी गप्प राहून मिळणारं हौतात्म्य त्यांना फसवणूक वाटत होतं, आणि ती फसवणूक नंतरच्या तरुणांची झाली असती. माझा कौल, जरा कचरतच, लिहिण्याच्या बाजूने.

सांस्कृतिक क्रांतीत याच कागदावरून ते गद्दार ठरले, बाबाओशानमधली त्यांची कबर फोडली गेली. १९८० मध्ये पक्षाने कलंक पुसला आणि त्यांना पुन्हा हुतात्म्यांच्या यादीत नेऊन बसवलं. आपण त्या यादीतले नाही, हे सांगायलाच तर त्यांनी तो कागद लिहिला होता.