समुद्रापलीकडचं सोवळं

पुण्यात धर्माची चौकशी होते ती स्वयंपाकघरातून आणि पंचांगातून. संकष्टी धरता का? तुमच्याकडे गौरी खड्यांच्या की मुखवट्यांच्या? चातुर्मासात कांदा-लसूण चालतो का? असे प्रश्न मी जन्मभर ऐकले, विचारलेही. देव आहे असं तुम्हाला वाटतं का, हे मात्र मला कुणी विचारलं नव्हतं. माझे सासरे देव मानत नसत आणि रोज सकाळी आंघोळ करून देवपूजा करत. गुरुवार पेठेतल्या आमच्या वाड्यात कुणालाही त्यात विसंगती दिसली नाही, मलाही नाही.

लेकीकडे, न्यू जर्सीतल्या एडिसनला गेले, तेव्हा शेजारच्या वयस्क बाईंनी ते विचारलं. परसातली काकडी द्यायला आल्या होत्या. चहा होईपर्यंत त्या देवघरापाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, तुम्ही नेमकं काय मानता? मी व्रतं सांगितली, नैवेद्य सांगितला, कुळाचार सांगितला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सौम्यपणे म्हणाल्या, हे तुम्ही करता ते झालं, मानता काय? त्यांनी स्वतः चाळिशीत आईवडिलांचं चर्च सोडलं होतं, कारण तिथली एक गोष्ट त्यांना मनापासून पटेना. जे पटत नाही ते दर रविवारी उभं राहून म्हणणं त्यांना खोटेपणाचं वाटलं. माझ्याकडे त्यांना द्यायला उत्तर नव्हतं, पण तो प्रश्न तेव्हापासून मला सोडत नाही.

त्या प्रश्नाने मला जवळच्याच एका गावाची आठवण होते. एडिसनहून रोझेल गाडीने अर्ध्या तासावर आहे. १८८३च्या जूनमध्ये आनंदीबाई जोशी तिथे थिओडिशिया कार्पेंटर यांच्या घरी उतरल्या. पुण्यात जन्मलेली, अठरा वर्षांची मुलगी, नवऱ्याशिवाय समुद्र ओलांडून वैद्यकी शिकायला आलेली. निघण्यापूर्वी फेब्रुवारीत त्यांनी बंगालमधल्या श्रीरामपूर कॉलेजात भाषण केलं आणि आपण हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ असं लोकांसमोर सांगितलं. पुढची तीन वर्षं फिलाडेल्फियाच्या थंडीत त्यांनी शाकाहार सोडला नाही आणि साडीही सोडली नाही. प्रकृती ढासळत होती, तरीही.

११ मार्च १८८६ रोजी त्यांना वैद्यकीची पदवी मिळाली, तेव्हा तो समारंभ पाहायला पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या. दोघी नात्यातल्या. रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ला वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला होता. म्हणजे माझ्या शेजारणीच्या कसोटीने एक हिंदू, दुसरी ख्रिस्ती. मधे समुद्राएवढं अंतर. पण आमच्या पेठेतल्या बाईने त्या दोघींना पाहिलं असतं तर? दोघी साडीत, दोघी शाकाहारी. रमाबाईंनी धर्म बदलला, ताट बदललं नाही. वाँटेजच्या ख्रिस्ती मठातल्या भगिनींना हे खटकत असे. आपल्या पूर्वजांच्या चालीरीती शक्य तितक्या पाळते, स्वतःला हिंदू म्हणवून घेणं मला आवडतं, असं रमाबाईंनी त्यांना पत्रातून कळवलं. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नको, असंही विचारलं. त्रैक्याचा सिद्धान्त पटेना, तेव्हा तसं स्पष्ट लिहिलं. चर्च सांगतं म्हणून मानायचं, हे त्यांनी मान्य केलं नाही.

मला या दोघींत फार मोठं साम्य दिसतं. आनंदीबाईंनी फिलाडेल्फियात मांस खाल्लं असतं तर पुण्याला कळलंही नसतं, आणि कळलं असतं तरी आजाराचं कारण पुरेसं होतं. रमाबाईंनी भगिनींचं ऐकलं असतं तर त्यांचे दिवस सोपे गेले असते. पाहणारं कुणी नव्हतं, किंवा होतं ते उलट दिशेला ओढणारं होतं.

याच्या शेजारी पुण्यातली एक गोष्ट ठेवून पाहावी. आमच्या वाड्यातून पंचहौद मिशनच्या चर्चची घंटा ऐकू येते. वाँटेजच्याच भगिनी तिथे काम करत. ऑक्टोबर १८९०मध्ये तिथल्या कार्यक्रमाला न्यायमूर्ती रानडे, टिळक, गोखले यांच्यासह शहरातली बरीच प्रतिष्ठित मंडळी गेली. ख्रिस्त्यांच्या हातची, म्हणजे सोवळ्यात न चालणारी, चहा-बिस्किटं पुढे आली. काहींनी चहा घेतला, काहींनी नुसता कपाला हात लावला. मग सगळ्यांची नावं ‘पुणेवैभव’ या वर्तमानपत्रात छापून आली. ती छापून आणणारे होते गोपाळराव जोशी, आनंदीबाईंचे पती. आनंदीबाई तेव्हा हयात नव्हत्या. २६ फेब्रुवारी १८८७ला, बाविसावं वर्ष पुरं होण्याआधीच, त्यांचं पुण्यात निधन झालं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत पोचलं, चौकशी बसली, प्रायश्चित्तं सांगितली गेली. रानड्यांनीही अखेर प्रायश्चित्त घेतलं, ते मुख्यतः अडचणीत आलेल्या स्नेह्यांसाठी. रमाबाई रानडे यांनी त्या दिवसांतली घालमेल आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे. ती वाचताना मला रानड्यांचा राग येत नाही. राग येतो तो एका कपाचा हिशेब ठेवणाऱ्या शहराचा. हात लावणारा आणि पिणारा यांत फरक करणारं ते शास्त्र मनाबद्दल एक शब्द विचारत नव्हतं.

म्हणजे शेजारणीचाच प्रश्न बरोबर, असं मी म्हणत नाही. नुसतं काय पटतं एवढंच पाहिलं तर माझे सासरे नास्तिक ठरतात आणि त्यांची पन्नास वर्षांची पहाटेची पूजा ढोंग ठरते. ते ढोंग नव्हतं, हे मी त्या घरात राहून पाहिलं आहे. पूजा चुकली तर त्यांना कुणी विचारणार नव्हतं. ते देवासाठी करत नसत. आपल्या वडिलांनी केलं ते आपल्या हातून थांबू नये म्हणून करत. ही निष्ठा कोणत्या खात्यात घालायची, ते माझ्या शेजारणीच्या प्रश्नात बसत नाही, आणि पंचहौदाच्या चौकशीतही बसलं नसतं.

नात फिलाडेल्फियात शिकते. ती देवळात जात नाही, देव मानत नाही आणि मांस खात नाही. मैत्रिणींबरोबर जेवायला गेली की वेटरला तीनतीनदा विचारावं लागतं, कधी नुसत्या बटाट्यांवर भागवावं लागतं. ती म्हणते, आजी, ही सवय आहे, याला धर्म म्हणू नकोस. मी तिला म्हटलं, रोज किंमत मोजून, कुणी सांगत नसताना जपलेली गोष्ट नुसती सवय नसते. तुझ्याच गावात एका मुलीने हेच केलं होतं. ती म्हणाली, त्या मुलीचा देवावर विश्वास होता, माझा नाही, हा फरक तू पुसून टाकतेस. तिचं म्हणणं खोडता येईल असं मला अजून सुचलेलं नाही. दर रविवारी फोनवर आमचं तिथूनच सुरू होतं.