हवा भरली, भोक तसंच

आजचं वाचन : महाभारत, उद्योगपर्व, अध्याय ३३ (विदुरनीती)

मंडळी, आजच्या वाचनातला एक दृष्टांत अगदी छोटा आहे, पण तो ओलांडून पुढे जाववत नाही. विदुर धृतराष्ट्राला सांगतो की पाच इंद्रियांपैकी एकाला जरी छिद्र असलं, तरी माणसाची प्रज्ञा तिथून पाझरून जाते, पखालीतलं पाणी जातं तशी. बाकीची पखाल शाबूत असते. चामडं चांगलं, शिवण चांगली. पण त्या चांगलेपणाने पाणी थांबत नाही.

पखाल आता आपल्या पाहण्यात नाही. म्हणून मी हा दृष्टांत मोटरसायकलच्या टायरवरून समजून घेतो. टायरमधली हवा दोन तऱ्हेने जाते. एकात मोठा खिळा घुसतो, हवा फुस्स होते आणि गाडी तिथेच डगमगते. त्यात एक बरं असतं, थांबावंच लागतं. दुसऱ्यात काही दिसत नाही, ऐकू येत नाही, पण चार-पाच दिवसांत ३२ पीएसआयचे २६ झालेले असतात. पंपावर हवा मारली की गाडी पुन्हा मस्त. ही दुसरी जात फसवी. डहाणूहून आशागड, चारोटी करत ४८ नंबरच्या महामार्गावर चढलं आणि तलासरीकडे निघालं, की शेजारून कंटेनर धावत असतात. हवा कमी असलेला टायर बाजूने दुमडत राहतो, तापतो, आणि नेमक्या ब्रेकच्या वेळी गाडी म्हणावं तसं ऐकत नाही.

माझ्या गाडीच्या मागच्या चाकाचं असंच चाललं होतं. तलासरीच्या एका पंक्चरवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी आधी चाक खोललंच नाही. विचारलं, "पुढचं पण उतरतं, का एकटं मागचंच?" प्रश्न बरोबर होता. दोन्ही चाकं महिन्याभरात एक-दोन पीएसआयने उतरली, तर तो रबराचा स्वभाव आहे. एकच भराभर उतरत असेल, तर त्याला कुठेतरी वाट सापडली आहे.

मग त्यांनी साबणाचं पाणी केलं. पहिल्यांदा व्हॉल्व्हच्या तोंडावर, मग व्हॉल्व्हच्या बुडाशी, जिथे रबराला चिरा पडतात. काही नाही. मग चाक हळूहळू फिरवत सगळ्या नक्षीवर, काटा किंवा तार आहे का ते बघत. तिथेही काही नाही. शेवटी टायर जिथे रिमला टेकतो त्या कडेवर पाणी सोडलं, आणि एका जागी साबुदाण्यापेक्षाही बारीक बुडबुडे यायला लागले. डहाणूची खारी हवा. अलॉय रिमच्या कडेला पांढरा भुगा धरला होता आणि टायर तिथे नीट बसत नव्हता. टायर काढून, कड घासून साफ करून त्यांनी तो परत चढवला. म्हणाले, "हवा तर कोणीबी भरेल भाऊ. जाते कुठून ते बघायला बसावं लागतं."

आता धृतराष्ट्राकडे बघा. संजय पांडवांकडून परत आलाय, पण निरोप उद्या सभेत सांगणार आहे. राजाला झोप नाही, म्हणून विदुराला बोलावणं गेलंय. विदुर आठ अध्याय बोलतो. त्यानंतर त्याच रात्री सनत्सुजात ऋषीही येऊन उपदेश करतात. एका रात्रीत एवढी हवा भरणारं भाग्य किती जणांना मिळतं? आणि राजा ते नाकारत नाही. तो म्हणतो की तुझं पटतं, पण दुर्योधन समोर आला की माझी बुद्धी फिरते. म्हणजे छिद्र कुठे आहे तेही त्याला ठाऊक होतं. गीता मनाला सहावं इंद्रिय म्हणते, आणि राजाचं ते सहावंच पाझरत होतं. त्याने ते छिद्र बुजवलं नाही. पुढे शंभर मुलं गेली.

हे वाचताना भीती वाटते ती राजासाठी नाही, आपल्यासाठी. आपण रोज सकाळी वाचतो, प्रवचन ऐकतो, मन भरून येतं. संध्याकाळपर्यंत परत २६. दुसऱ्या दिवशी परत भरतो. माझ्या कामात याला मेमरी लीक म्हणतात. सर्व्हर रोज रात्री रिस्टार्ट केला की सकाळी छान चालतो, आणि म्हणून कोणी कोड उघडून बघतच नाही. रोजचं वाचन हे रोजचं रिस्टार्ट तर होत नाही ना?

आणखी एक गोष्ट. टायरची हवा गाडी पळवून आल्यावर मोजायची नसते. गरम टायर जास्त आकडा दाखवतो. ती मोजायची थंड असताना, निघण्याआधी. तसंच आरतीनंतर, कीर्तनातून उठताना स्वतःला मोजू नये, तेव्हा सगळेच ३२ असतात. मोजावं ते लाइट गेल्यावर, लोकल चुकल्यावर, म्हातारी आई तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारते तेव्हा.

आजचा अभ्यास एवढाच. पाचही इंद्रियं आणि मन, एकेक करून शांतपणे तपासा. जिभेने कोण दुखावतं? डोळे रात्री फोनवर किती वेळ जातात? कान कोणाची निंदा आवडीने ऐकतात? सगळीकडे भोक नसतं, त्यामुळे स्वतःला सरसकट वाईट ठरवू नका. जिथे बुडबुडा दिसेल तिथे बोट ठेवा. आणि घरातलं माणूस ती जागा दाखवत असेल तर त्याच्यावर चिडू नका. साबणाचं पाणी भोक पाडत नाही, फक्त दाखवतं.

पांडुरंगा, तू भरतोस त्यात कधी कमी नाही. आमची गळकी जागा आम्हाला दाखव, आणि दिसल्यावर तिथे बसायचा धीर दे.

रामकृष्णहरी.