ठेच्याची आग आणि देहाचा ताप

दासबोधाच्या तिसऱ्या दशकात समर्थ रामदास तीन ताप सांगतात. त्यांतला आध्यात्मिक ताप देह, इंद्रिये आणि प्राण यांतून उठतो. म्हणजे सज्जनगडच्या या संन्याशाने दुःखाचा एक पत्ता थेट शरीरातच दिला!

त्या पत्त्यावर रसायनशास्त्राला २००२ साली एक चमत्कारिक रेणू भेटला. डोपामाइनला २० कार्बनांचे मेदाम्ल जोडलेला हा एन-अ‍ॅराकिडोनॉइल डोपामाइन सस्तन प्राण्यांच्या मेंदूत आढळतो. तो पेशींवरची दोन दारे, म्हणजे ग्राही (रिसेप्टर), उघडतो. एक सीबी-१, ज्यावर गांजाचा अंमल चालतो. दुसरे टीआरपीव्ही-१, जे मिरचीतल्या कॅप्सेसिनने उघडते. सातारा-सांगलीकडचा ठेचा जीभ जाळतो तो याच दारातून. या रेणूचे ओलिक आम्लापासून बनलेले भावंड, ओलिऑइल डोपामाइन, मुख्यतः मिरचीच्याच दाराशी घुटमळते.

गंमत पुढे आहे. उंदराच्या पंजात पहिला रेणू टोचला, की उष्णता अधिक झोंबते. तोच शरीरभर पसरला, की वेदना बोथट होते.

मग सुख-दुःख रेणूत असते का? ‘सगळे केमिकलच’ म्हणणाऱ्यांची इथे पंचाईत होते, कारण रेणू एकच आणि अनुभव दोन. देहाला तुच्छ लेखणाऱ्यांचीही सुटका नाही. देहात ताप दाखवणाऱ्या समर्थांनीच सांगली भागात शिराळा आणि बहे-बोरगावला मारुती स्थापले, तेही बलोपासनेसाठी.