शमरोन्याची शुश्रूषा

शास्त्रपाठ : लूक १०:२५–३७



यरुशलेमेहून यरीहोस उतरणाऱ्या वाटेवर अर्धमेला पडलेल्या मनुष्याचा दाखला आपण मंडळीत पुष्कळदा ऐकिला आहे. याजकाने त्यास पाहिले, लेव्याने पाहिले, शमरोन्यानेही पाहिले. परंतु दोघे बाजूने निघून गेले व एकच जवळ आला. वरठीस भंडारा रोड स्थानकावर उतरून आपापल्या गावी जाणाऱ्या आपणांस असा मनुष्य वाटेत क्वचितच दिसेल. तो आपल्या गावातच, कोणाच्या पडवीत किंवा मागल्या खोलीत, खाटेवर पडलेला आहे. त्याजसाठी आपण मंडळीत प्रार्थना करितो, हे योग्यच आहे. तथापि त्याची कूस कोणी बदलिली काय, हे कोण विचारितो?

यास्तव शमरोन्याने काय काय केले ते क्रमाने पाहू.

पहिले, तो जवळ गेला. मलमूत्र, पू व रक्त यांचा विटाळ मानण्याची जुनी सवय बाप्तिस्मा घेतल्यावरही पुष्कळांच्या मनातून गेलेली नाही. प्रभूने कुष्ठरोग्यास हात लावून बरे केले, हे आपण विसरू नये. विटाळाचे भय सोडावे, परंतु स्वच्छता सोडू नये. दुखणाइतास हात लावण्यापूर्वी व लाविल्यानंतर साबणाने हात धुणे, हा शुश्रूषेचा पहिला नियम होय.

दुसरे, त्याने जखमा बांधिल्या. त्या काळी तेल व द्राक्षारस हेच औषध होते. आज आपण जखम स्वच्छ पाण्याने धुवावी, रक्त वाहत असल्यास स्वच्छ फडक्याने घट्ट दाबून धरावे, आणि राख, शेण किंवा तंबाखू तीत कधीही भरू नये.

तिसरे, त्याने त्यास आपल्या जनावरावर बसविले व आपण पायी चालला. दम लागणे, झटके येणे, शुद्ध हरपणे, लघवी बंद होणे, ही चिन्हे दिसताच सकाळची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर कळवून गाडी बोलवावी. बेशुद्ध मनुष्याच्या तोंडात पाणी घालू नये. त्यास कुशीवर निजवावे.

चौथे, उतारशाळेत त्याने त्याची काळजी वाहिली. ती रात्र कशी गेली हे शास्त्र सांगत नाही. परंतु ज्याने दुखणाइताजवळ रात्र काढिली आहे त्यास ते ठाऊक आहे. जो स्वतः हलू शकत नाही त्याची कूस दर दोन तासांनी बदलावी. टाचा, कंबर व माकडहाड येथे कातडी लाल झाली आहे काय ते रोज पाहावे, कारण शय्याव्रण तेथूनच आरंभतात. अंथरूण कोरडे व सुरकुत्यांविना असावे. उठवून बसवूनच थोडे थोडे भरवावे, आणि दात व जीभ पुसून तोंड स्वच्छ ठेवावे. अंग पुसताना आडोसा करावा; दुखणाइतासही लाज आहे. आपल्या विदर्भात सिकलसेलचा आजार पुष्कळ घरांत आहे. त्याची कळ उठली असता लेकरास ढोंगी म्हणू नये व त्यास पूर्वजांचा शापही समजू नये. पाणी भरपूर पाजावे, ऊब द्यावी व दवाखान्यात न्यावे.

पाचवे, त्याने दोन पावल्या देऊन त्यास उतारशाळेच्या रक्षकाच्या हाती सोपविले, व पुन्हा येण्याचे वचन दिले. आपणही ताप किती वाजता आला, कोणती गोळी दिली, हे कागदावर लिहून ठेवावे व डॉक्टरांस दाखवावे. येथे उपदेशकांस एक विनंती आहे. प्रार्थनेनंतर बरे वाटले म्हणून क्षयाची किंवा फेपऱ्याची औषधे सोडण्यास कोणासही सांगू नका. मध्येच सोडिलेला क्षय अधिक बळावून परत येतो. उतारशाळेच्या रक्षकाचे काम शमरोन्याने हिणविले नाही, उलट त्याचे मोल दिले.

ही सेवा आपल्या मंडळ्यांस नवी नाही. डॉक्टर वॉन्लेस यांचे मिरज येथील रुग्णालय १८९४ साली उघडले. नागपुरास स्कॉटिश मिशनचे म्यूर मेमोरियल रुग्णालय निघाले. परक्याचे मलमूत्र काढणे हे नीच काम समजले जात असता, अशा रुग्णालयांत आपल्याच मंडळ्यांतील विधवा व कन्या परिचारिका झाल्या. त्यांस कित्येकांनी नावे ठेविली. परंतु ज्यांनी नावे ठेविली त्यांच्याही घरचे दुखणाईत त्यांच्याच हाताखाली बरे झाले.

बंधुभगिनींनो, येत्या रविवारी उपासना संपल्यावर प्रत्येक मंडळीने आपल्या गावातील खाटेवरच्या दुखणाइतांची नावे काढावी, मग ते ख्रिस्ती असोत वा नसोत. शमरोन्याने जखमी मनुष्याची जात विचारिली नव्हती. रात्री जागणाऱ्या सुनेस किंवा मुलीस एक रात्र निजू द्यावे व तिच्या जागी दुसऱ्याने बसावे. प्रभूने शास्त्र्यास शेवटी जे करावयास पाठविले तेच आपणांसही नेमून दिलेले आहे. तो आपल्या हातांस बळ व मनास कोमलता देवो. आमेन.